फुटाला तीन सूत

धोंडू मेस्त्री गेल्याचे मला इस्माईलभाईंनी सांगितले. शाळेची मधली सुट्टी चालू होती. ते ओटीवर आले, रेल्वेचे एक जुने टाईमटेबल माझ्या टेबलावर ठेवले आणि म्हणाले, "हे तुमचं बुक, मास्तर. मेस्त्रीच्या उशाला व्हतं. सकाळीच गेला तो..." माणूस गेल्याचे कळल्यावर पहिला विचार दुःखाचा यावा. माझ्या मनात पहिला आला तो सुटकेचा: आता त्या खिडकीचे कोणाला कळायचे नाही. याला पाच आठवडे झाले. ती सुटका किती टिकली, तेच सांगायला बसलो आहे.

मेस्त्री बुरोंडीच्या किनाऱ्यावर मचवे बांधत. आमच्या जिल्ह्यात आगगाडी नाही. मुंबईस जायचे तर बोट, नाहीतर घाट चढून देश गाठायचा. मेस्त्री आगगाडीत बसले ते आयुष्यात एकदाच, ऐन तारुण्यात, मुंबईहून पुण्यास जाताना. खंडाळ्याच्या घाटात गाडी मध्येच थांबली, पुढचे इंजिन सुटले, मागल्या टोकाला इंजिन लागले आणि आलेली गाडी उलट्या तोंडाने वर चढू लागली. हे त्यांना जन्मभर पुरले. तीच गाडी, इंजिन आणि पाच डबे, सागवानात उतरवायचा त्यांनी ध्यास घेतला. पावसाळ्यात मचव्यांचे काम बंद असे, तेव्हा ते गाडीला हात घालत. माप ठरलेले होते, खऱ्या गाडीच्या फुटाला तीन सूत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. त्यांच्या पट्टीवर त्याहून बारीक रेघ नव्हती.

संध्याकाळी त्यांच्या मांगरात, म्हणजे कामाच्या छपरीत, आम्ही तिघे जमत असू. इस्माईलभाईंची उमर बोटीच्या बॉयलरपुढे कोळसा मारण्यात गेलेली, त्यामुळे वाफेच्या बाबतीत ते कोणाचे ऐकत नसत. मी टाईमटेबल मोठ्याने वाचायचो आणि ते दोघे पोथी ऐकावी तसे ऐकायचे. कोणती मेल कुठे पाणी घेते, कोणती कुठे थांबत नाही, यावर हमरीतुमरी होई. घाटात विजेची इंजिने आली आणि गाडी उलटी करण्याचे बंद झाले, ही बातमी इस्माईलभाईंनी आणली तेव्हा मेस्त्री रंधा न थांबवता म्हणाले, "त्यांना काय करायचाय तां करूं दे. माजी उलटीच चढल."

मापे मिळवण्याची त्यांची तऱ्हा न्यारी होती. शिमगा आटोपून मुंबईस परतणाऱ्या प्रत्येक चाकरमान्याच्या हाती ते सुतळीचा एकेक तुकडा देत. कोणाकडे दार, कोणाकडे चाक, कोणाकडे पायरी. सुतळीचे टोक वस्तूला लावायचे, जिथे वस्तू संपेल तिथे गाठ मारायची आणि गणपतीला सुतळी परत आणायची. गाव हसे. "मेस्त्री रेल्वेला आंगडं शिवताय," म्हणत. पण सुतळ्या मात्र सगळे इमानाने आणत. गिरणीत रात्रपाळी करणारी माणसे सुट्टीच्या दिवशी फलाटावर जाऊन डब्याची पायरी मापून येत.

एका वर्षी परीक्षेसाठी मी पुण्यास निघालो. मला मापायला मिळाली तिसऱ्या वर्गाच्या डब्याची खिडकी. मुंबईस फलाटावर मी सुतळी काढली तोच पोलिसाने हटकले, "काय चाललंय?" भोवतीची माणसे बघू लागली. मी डोक्याला पगडी घातलेला मास्तर, हातात सुतळी... मी ती खिशात कोंबली. येताना बोटीच्या डेकवर बसून अंदाजाने गाठ मारली.

मेस्त्रींनी सुतळी ताणून पाहिली. "नीट मापलाव ना, मास्तर?"

"म्हणजे काय!" मी म्हणालो. मुलांना मापनाची कोष्टके शिकवणारा माणूस होतो मी.

त्या पावसाळ्यात पाचही डब्यांच्या खिडक्या माझ्या गाठीने कापल्या गेल्या. पुढे गणपतीत रेल्वेच्या कारखान्यात काम करणारा एक पाहुणा गाडी बघायला आला. इंजिनाला त्याने हात जोडले. मग म्हणाला, "खिडक्या मात्र बारीक झाल्या, मेस्त्री." मेस्त्री म्हणाले, "जुन्या डब्यांच्या बारीकच व्हत्या." मी मान डोलावली. मेस्त्री हट्टी आहेत एवढेच तेव्हा वाटले. खरे सांगायचे तीनदा ठरवले आणि तीनही वेळा टाईमटेबल वाचून घरी आलो. याची मला आज लाज वाटते.

तेराव्यानंतर भेटायला गेलो. मांगरातल्या खिळ्यावर सुतळ्यांचा जुडगा तसाच लटकत होता. मेस्त्रीणबाईंनी फडताळातून एक वेगळी सुतळी काढून माझ्या हातावर ठेवली. "ही तुमची. निराळी ठेवलान व्हती. कोणास दाखवू नको बोललान."

सुतळीला दोन गाठी होत्या. एक माझी, भोंगळ. तिच्यापुढे चांगली वीतभर अंतरावर दुसरी, बोटीवरची माणसे मारतात तशी घट्ट.

मी तडक इस्माईलभाईंचे घर गाठले. ते जाळे विणत होते. सुतळी बघून हात थांबला.

"तुमच्या मागनं, पुढल्याच मोसमात मी मुंबईला गेलो ना," ते म्हणाले. "दाराच्या मापाशी तुमचा माप जुळंना, म्हणून मेस्त्रीनं तीच सुतळी माझ्याकडं दिलान."

"मग खिडक्या बदलल्या का नाहीत?"

"मीपण तेच बोललो. तर बोलला, खिडकी मास्तरांनी मापली ह्या गावाला ठावं हाय. आता बदलली तर लोक काय ते समजतील. त्यांची पोरा मास्तरांकडं शिकतात... खिडकी बारीक तर बारीक."

मी तिथून उठलो तो सरळ घरी आलो नाही. खाडीच्या बाजूला बराच वेळ चालत राहिलो. जो माणूस चाकाच्या एका सुतासाठी पुन्हा लाकूड कापायचा, तो इतकी वर्षे आपल्या डोळ्यांसमोर पाच डब्यांच्या खिडक्या चुकीच्या बघत राहिला, आणि मी मान डोलावत राहिलो.

मेस्त्रीणबाईंनी गाडी आता शाळेला दिली आहे. ती वर्गात खिडकीखाली लांब फळीवर ठेवली आहे, आणि वर खिळ्याला ती सुतळी, दोन्ही गाठींसकट. बघायला माणसे येतात, तेव्हा दुसरी गाठ कशाची ते मी सांगतो. खिडक्या बारीक आहेत त्या माझ्या. बाकी सगळी गाडी मेस्त्रींची आहे, फुटाला तीन सूत. ज्याला वाटेल त्याने मापून बघावी.