गोलीचा उजवा हात

समोरच्याने हात पुढे केला की तो एक पाऊल मागे सरायचा, दोन्ही हात छातीशी जोडायचा आणि म्हणायचा, "आपला नमस्कार बरा." समोर विरुद्ध संघाचा कप्तान असो, रेफरी असो नाहीतर बक्षीस द्यायला आलेला कुणी बडा पाहुणा असो. लोकांना वाटायचं, माणूस जुन्या वळणाचा आहे. तुम्ही तिथे असता तर तुम्हालाही तेच वाटलं असतं.

आमच्या साखर कारखान्याच्या फुटबॉल संघाचा तो गोलकीपर. पाठीमागे आम्ही त्याला गोली म्हणायचो, तोंडावर दादा. कारखान्याने आम्हाला खेळण्यासाठीच नोकरीला ठेवलं होतं. हजेरीपटावर मी टाइम ऑफिसातला कारकून होतो, तो गोदामावरचा वॉचमन. सकाळी सराव करायचा आणि दुपारी नावाला काम. आमच्यातले बरेचजण हंगामी होते. हंगामी म्हणजे साहेबांची मर्जी असेपर्यंत. साहेब म्हणजे कारखान्याचे लेबर ऑफिसर. संघ त्यांच्या ताब्यात होता.

दादा मिरजगावकडचा. पोटासाठी नगरच्या छावणीत एका कॅन्टीनवर राहिला आणि तिथे जवानांच्यात खेळता खेळता गोलात उभा राहायला शिकला. हात मिळवायलाही तो तिथेच शिकला होता. मी संघात आलो त्या दिवशी त्याने माझा हात असा दाबला की दुपारी मला पेन धरवेना. वर म्हणाला, "हात आसा द्यायचा, की म्होरच्याला कळलं पायजे गोलात कोन हाय."

तेव्हा सामना संपला की दोन्ही संघ समोरासमोर रांगेत उभे राहायचे आणि प्रत्येकजण प्रत्येकाशी हात मिळवायचा. दादा मात्र रांग सोडून आधी समोरच्या गोलकीपरकडे जायचा. जिंकलो असू, हरलो असू, पहिला हात त्याला. "गोल खाल्ल्याव काय हुतं, त्ये फकस्त आमालाच ठावं," म्हणायचा.

मग सोलापूरच्या एका सामन्यात त्याने जमिनीवरचा चेंडू झडप घालून धरला आणि धावत आलेल्या फॉरवर्डचा बूट त्याच्या उजव्या पंजावर पडला. त्याने चेंडू सोडला नाही. सामनाही पुरा खेळला. बूट काढताना मी त्याचा हात पाहिला. वांग्यासारखा सुजला होता.

परत आल्यावर आम्ही दोघं साहेबांच्या खोलीत गेलो.

"साहेब, हात मोडलाय. डाक्टर म्हन्त्यात, दोन-तीन म्हैने चेंडूला लावायचा न्हाई."

साहेबांनी उठून दार लावलं. "बाहेर कुठे बोललास?"

"न्हाई."

"मग बोलूच नकोस. यंदा नाहीतर पुढच्या वर्षी स्पर्धेची ढाल आपल्याकडे यायला पाहिजे. ढाल आली की तुला कायम करतो, माझा शब्द. पण मोडक्या हाताचा गोली कायम करा, असं मी चेअरमनना सांगू शकणार नाही. कळतंय ना?"

त्याला कळलं. मलाही कळलं. पुढच्या सामन्याला त्याने पंजाला फडकं घट्ट गुंडाळून वर लोकरी हातमोजा चढवला आणि हात मिळवायच्या वेळी पहिल्यांदा नमस्कार केला. हाड वाकडंच जुळलं. तो डाव्या मुठीने चेंडू उडवायचा, छातीने अडवायचा, कोपराने ढकलायचा. त्याच्या बुटांच्या नाड्या मी बांधायचो. गोल मात्र पूर्वीइतकेच कमी व्हायचे.

पुढचं मात्र कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. एका समारंभात चेअरमननी भाषण ठोकलं. "इंग्रज गेला, पण त्याचा शेकहँड गेला नाही. आपला गोलकीपर बघा. शेतकऱ्याचा पोरगा, पण संस्कार विसरला नाही!" दुसऱ्या दिवशी हुकूम निघाला, सगळ्या संघाने नमस्कारच करायचा. पुढच्या सामन्यात आम्ही अकराजण अर्ध्या चड्ड्या घालून मैदानाच्या मधोमध हात जोडून उभे, आणि समोर अकरा हात हवेत तसेच लोंबकळत राहिलेले. प्रेक्षकांतून कुणीतरी ओरडलं, "आरती म्हणा, आरती!" दादा इतका हसला की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मला हळूच म्हणाला, "माज्या एका हातापायी समदी टीम देवाला लागली."

मग मुंबईहून दोन फॉरवर्ड आणले. त्यांची तऱ्हा आणखी वेगळी. ते हातही मिळवायचे नाहीत आणि नमस्कारही करायचे नाहीत. हात उंच करून टाळी मागायचे, गोल झाला की गळ्यात पडायचे, एकमेकांना उचलून घ्यायचे. दादा त्यांना डाव्या हाताने टाळी द्यायचा. त्यांना वाटलं, ही इकडची स्टाईल असणार. महिन्याभरात अख्खा संघ डाव्या हाताने टाळ्या द्यायला लागला. खरं काय ते आम्हा दोघांना माहीत होतं, आणि साहेबांना.

ढालीचा अंतिम सामना नगरला झाला. आम्ही एका गोलने जिंकलो. शेवटच्या पाच मिनिटांत दादाने दोन चेंडू असे अडवले की समोरच्या संघानेही टाळ्या वाजवल्या. पाहुणे म्हणून लष्करातले एक निवृत्त कर्नल आले होते. मोठा दिलदार माणूस. आमच्या नमस्काराला न जुमानता रांगेतून एकेकाचा हात हातात घेत ते आले. दादाने हात जोडले. कर्नल हसले. "अरे, तू तर आज शेर आहेस! हात दे!" असं म्हणून त्यांनी जोडलेल्या हातांतून त्याचा उजवा हात सोडवून घेतला आणि प्रेमाने जोरात दाबला.

दादा गुडघ्यांवर आला. त्याच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी त्याआधी कुठल्याही माणसाच्या तोंडून ऐकला नव्हता.

कर्नलनी घाबरून स्वतःच त्याचा हातमोजा काढला, फडकं सोडलं. मधली दोन बोटं आत वळलेली, पंजाच्या पाठीवर हाडाचा उंचवटा. मैदानावरचा डॉक्टर म्हणाला, "हे आजचं नाही. फार जुनं आहे." कर्नलनी चेअरमनकडे पाहिलं, चेअरमननी साहेबांकडे.

"मला कल्पना नव्हती," साहेब म्हणाले. आवाज अगदी शांत. "याने लपवलं. कारखान्याला फसवलं याने."

मी म्हणालो, "साहेब, त्या दिवशी खोलीत मीही होतो."

"कुठल्या खोलीत?" साहेबांनी हसून विचारलं. मला नाही, चेअरमनना. चेअरमनही हसले.

मी आणखी बोलणार होतो. तेवढ्यात दादाने डाव्या हाताने माझा दंड धरला आणि खाली बसल्या बसल्याच म्हणाला, "चुकलं माजं."

परतताना ट्रकमध्ये ढाल मधे ठेवली होती आणि पोरं गात होती. मी त्याच्यावर चिडलो. "का कबूल केलंस?"

"तेंचा शब्द हाय. आत्ता तेंला खोटं पाडलं तर शब्द बी ग्येला."

आठवड्याच्या आत त्याला गेटवर अडवलं. उद्यापासून येऊ नको म्हणाले. साहेब भेटले नाहीत. मला त्या हंगामात पुढे एकही सामना खेळू दिला नाही. त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. ढाल चेअरमनच्या केबिनमध्ये लागली.

बाहत्तरचा दुष्काळ पडला. कारखाना अर्धाच चालत होता, पण संघ खेळत होता, कारण साहेबांना पुढच्या नोकरीसाठी ते उपयोगाचं होतं. सोलापूरच्या सामन्याला आम्ही ट्रकने निघालो, साहेब पुढे जीपमध्ये. मिरजगावच्या अलीकडे रस्त्याचं दुष्काळी काम चालू होतं. खडीचे ढीग, रांगेत बसलेल्या बाया, हातोड्यांचा एकसारखा आवाज. रस्ता मोकळा होईपर्यंत आम्ही खाली उतरलो.

पाणी वाटत तो आला. डाव्या हातात चरवी, अंगावर कारखान्याची जुनी जर्सी, नंबर उसवलेला. हातोडा धरता येत नाही म्हणून मुकादमाने त्याला पाणक्या केलं होतं. खडी त्याची बायको फोडत होती. आम्हाला बघून लाजला नाही, की आनंदलाही नाही. "प्या," म्हणाला. आम्ही ओंजळी पुढे केल्या. मुंबईचे दोघंही मान खाली घालून प्यायले.

जीपजवळ तो गेला तेव्हा सगळे तिकडेच बघत होते. साहेबांच्या ते लक्षात आलं असावं. त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला. "काय रे, बरं आहे ना?"

दादाने त्या हाताकडे पाहिलं. "पानी पायजे व्हय?" म्हणाला आणि त्या हातावर धार धरली. पाणी बाहीतून कोपरापर्यंत गेलं. कुणी हसलं नाही.

मग त्याने विचारलं, "आता गोलात कोन?"

नवा गोलकीपर पुढे झाला, बाविशीचा, शेवगावकडचा. यालाही साहेबांनी हंगामीच घेतलं होतं. दादाने चरवी खाली ठेवली, त्याचा पंजा हातात घेतला, उलटासुलटा केला, एकेक बोट वाकवून पाहिलं.

"ब्येस हाय. पन मोडलं, तर खोलीत जाऊन सांगू नगंस. मैदानावच सांग. समद्यांम्होरं."

पोराने मान हलवली. ट्रकमध्ये चढल्यावर त्याने मला विचारलं, "असं का म्हणाला ओ तो?" मी त्याला पहिल्यापासून सगळं सांगितलं. साहेबांचं नाव घेऊन, ट्रकभर ऐकू जाईल अशा आवाजात.

वर्षाने त्याच रस्त्याने गेलो. डांबर पडलं होतं, माणसं नव्हती. हॉटेलवाल्याला विचारलं.

"ग्येला की त्यो, ऊसतोडीला. बायकू तोडती, ह्यो मोळ्या उचलतो. हातानं न्हाई जमत, खांद्यानं."

"कुठल्या कारखान्याला?"

"आता त्ये काय म्हाईत. आसंल तुमच्याकडंच कुटंतरी."

त्या गळीत हंगामात वजनकाट्यापुढे उभ्या असलेल्या बैलगाड्यांच्या रांगेवरून मी रोज सायकल हातात धरून चालत जायचो. धुळीने सगळ्यांची तोंडं सारखीच झालेली असायची. एकदोनदा "दादा" अशी हाक मारली. वळून पाहणारे दुसरेच कुणी असायचे.