अर्ध्यात नियम बदलत नाही

गोराईच्या भिकाजीचा विकी नेमकं काय शिकला, हे गावात कुणालाच धड सांगता येत नाही. मी शेजारी, पण मीही डोकं खाजवतो. एकदा मात्र त्यानं मला समजावलं होतं. "आईशी आपण एका तऱ्हेनं बोलतो, साहेबाशी दुसऱ्या. कॉम्प्युटरचे काही प्रोग्राम तसेच असतात, जागा बघून वागणं बदलतात. पण आईशी बोलताना मध्येच साहेब आला तर? चालू वाक्य कसं संपवायचं?"

त्याचं म्हणणं, सुरू केलं तसंच संपवायचं. नाहीतर धड ना इकडचं, धड ना तिकडचं. हे त्यानं गणितानं सिद्ध केलं आणि पीएचडी मिळवली. मग अंधेरीच्या एका कंपनीत त्याच नियमावर होड्यांसाठी मदतीचं यंत्र बनवलं. किनाऱ्याजवळ बटण दाबलं तर निरोप मोबाइलच्या टॉवरवरून जायचा, खोल पाण्यात दाबलं तर उपग्रहावरून.

पहिलं यंत्र बापाच्याच होडीवर बसलं. "एकदाच दाब बाबा, आणि थांब. सारखं दाबत बसू नकोस," असं त्यानं बजावलं. भिकाजीला मुलाच्या शिक्षणाचा भारी अभिमान. त्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

यंदा होळीनंतर खाडीच्या तोंडाशी भिकाजीच्या होडीचं इंजिन बंद पडलं. होडीत तो आणि त्याचा धाकटा भाऊ दत्ताराम. भिकाजीनं बटण दाबलं. निरोप निघाला, तोच ओहोटीनं होडी बाहेर ओढली आणि टॉवरची रेंज गेली. आपण खोल पाण्यात आलो, हे यंत्राला कळलं. पण निघालेला निरोप जुन्या नियमानं टॉवरच शोधत राहिला. विकीच्या गणितात काही चुकलं नव्हतं, याचाच मला जास्त राग येतो.

अंधेरीत विकीच्या पडद्यावर एवढंच आलं: भिकाजीची होडी, मदत हवी. कुठे, ते यायचं राहिलं. काय झालं ते त्याला लगेच उमगलं. बापानं पुन्हा एकदा दाबलं की नवा निरोप उपग्रहावरून येणार होता. पण हे बापाला सांगणार कोण? फोन लागेना. गावच्या होड्या शोधायला निघाल्या, पण एवढ्या समुद्रात शोधायचं कुठे? "दाब ना बाबा, परत दाब," असं तो पडद्याकडे बघून पुटपुटत होता, हे त्याच्या ऑफिसातल्या निशानं मला सांगितलं.

संध्याकाळी होडी सापडली. आत भिकाजी एकटाच. मदत येईना म्हणून दत्तारामनं पोहत जायचं ठरवलं होतं, भावानं अडवलं तरी. तो अजून मिळालेला नाही.

भिकाजी जेट्टीवर मुलासमोर बसला.

"दत्ता बोलत होता, परत दाब. मी नाय दाबलं. बोललो, पोरानं एकदाच सांगितलंय." मग जरा थांबून त्यानं विचारलं, "दाबायला पायजे होतं काय रे?"

"नाय बाबा," विकी म्हणाला. "काय फरक पडला नसता."