रिकाम्या ताटलीची एस्तेरमावशी

नाताळच्या सकाळी एस्तेरमावशी साळवे करंज्यांच्या ताटल्या घेऊन निघाली की बडोद्यातल्या प्रतापनगरच्या रेल्वे क्वार्टर्समधल्या समस्त बायकांची छाती धडधडू लागे. करंज्या उत्तम असत. भीती ताटलीची होती. शेजारणीची ताटली रिकामी परत करायची नाही, निदान चिमूटभर साखर तरी घालायची, हे आमच्याकडे मूल पाळण्यातच शिकतं. मावशीला मात्र ताटली रिकामीच हवी असे. घरातली बाई साखरेच्या डब्याकडे वळायच्या आत ती ताटली हिसकावून पुढच्या दारात पोहोचलेली असे. कुणी चपळाईने साखर टाकलीच, तर ती तिथेच उंबऱ्याबाहेर झटकी. आमच्या ब्लॉकमधल्या मुंग्यांना त्या काळात मधुमेह झाला होता, हे मी शपथेवर सांगतो.

"माझ्या येशूचा वाढदिवस आहे," ती ठणकावून सांगे. "त्याने मला दिलं ते फुकट दिलं. तुम्ही साखर घालून त्याचा सौदा करू नका."

मावशी मूळची नगरकडची. साळवेकाका आणि माझे बाबा रेल्वेच्या कारखान्यात एकाच खात्यात, आणि आमची दारं समोरासमोर. अंगाने नुसती काडी. पण आवाज असा, की तिने घरात भजन सुरू केलं की पादरा गावाकडे निघालेली बस रस्त्यात थांबून ऐकायची.

तिला तोडीस तोड अशी अख्ख्या बडोद्यात एकच बाई होती, माझी आई. आईचे पणजोबा संस्थानच्या पागेत शिलेदार होते. जाताना ते घोडा आणि तलवार सोबत घेऊन गेले आणि ताठा तेवढा आमच्या घरी ठेवून गेले. कुणाचं फुकट घ्यायचं नाही, हे आईचं व्रत. भाजीवालीने वर चार काड्या कोथिंबीर टाकली, तरी आई ती परत टोपलीत फेकी. "लो ने बेन!" करत भाजीवाली मागे धावे आणि आई पुढे.

घरोघरी केबल आली आणि बाबांनी सायकल देऊन स्कूटर आणली, त्या वर्षी आईला अर्धांगवायू झाला. त्याने उजवी बाजू धरली. जिभेला हात लावायची त्याची छाती झाली नाही. बाबा कारखान्यात, मी मकरपुऱ्यात नव्या नोकरीवर. सकाळ-संध्याकाळ आम्ही भरवत असू, पण दुपारी आई एकटी. डाव्या हाताने घास घेणं तिच्या धर्मात बसत नव्हतं आणि परक्या हाताने खाणं तिच्या ताठ्यात. मावशी रोज दुपारी वाटी घेऊन यायची आणि आई तोंड मिटून भिंतीकडे वळायची. डॉक्टरांनी बाबांना बाजूला घेऊन सांगितलं, "दुपारचं जेवण आणि औषध असंच चुकत राहिलं तर हात तर नाहीच, माणूसही हाती लागणार नाही."

रविवारी मी घरी होतो. मावशी खिचडी घेऊन आली आणि पलंगाजवळ बसली.

"उशाखाली माझी पाटली आहे," आई म्हणाली. "ती घे, मग भरव."

"पाटली घेतली तर मी कामाची बाई झाले, वहिनी. मला शेजारीणच राहायचंय."

"मला बाटवायचा बेत आहे का तुझा?"

"तुम्हाला घेऊन काय करू? आमच्या चर्चमध्ये भांडकुदळ बाया आधीच पुष्कळ आहेत."

मला हसू आलं. आईने एका डोळ्याने माझ्याकडे असं पाहिलं की ते घशातच वाळलं.

"फुकटचं मला पचत नाही, एस्तेर."

"ठाऊक आहे. हे दुखणं अर्धांगाच्या आधीचं आहे." मावशीने वाटी मांडीवर ठेवली. तिचा तो बस थांबवणारा आवाज एकदम खाली आला. "मीही अशीच होते. उपास करायची, चर्च झाडायची, पोरांना शास्त्र शिकवायची. वाटायचं, देव आपल्यावर खूश आहे. मग माझी पहिली मुलगी गेली. मी देवाला नाही नाही ते बोलले. वर्षभर प्रार्थना केली नाही, चर्चची पायरी चढले नाही. तरी त्याने मला सोडलं नाही, वहिनी. मी काही कमावलेलं असतं, तर ते त्या वर्षी संपलं असतं. आम्ही तारण म्हणतो ते हेच. ते मिळालेलं असतं, आपण फक्त घ्यायचं."

"मग पापी माणसांना रान मोकळंच की!"

"हो ना. म्हणून तर मी आत आहे."

आईने नजर छताकडे वळवली. शिलेदार पणजोबा छताला लटकून 'तोंड उघडू नकोस' म्हणून ओरडत असणार, मला तर ते स्पष्ट दिसत होते. मावशीने घास उचलला आणि हात तसाच धरून ठेवला.

शेवटी आईने तोंड उघडलं. घास चावला. गिळला.

"मीठ कमी आहे," ती म्हणाली.

"असू दे. फुकटचं आहे," मावशी म्हणाली आणि पुढचा घास पुढे केला.

त्यानंतर आईने एकही दुपार चुकवली नाही, आणि एकाही दुपारी खिचडीला चांगलं म्हटलं नाही. हळूहळू हात कप धरण्याइतका परतला. खांद्याच्या वर मात्र कधी गेला नाही.

पुढे साळवेकाका निवृत्त झाले आणि क्वार्टर सोडून दोघं नगरला निघाली. टेम्पो भरला. मला खात्री होती, आई आता पैठणी काढणार आणि दारातच दोघींची लढाई जुंपणार. आई काठी टेकत बाहेर आली ती रिकाम्या हातांनी. पायरीवर बसली आणि मावशीकडे पाठ केली.

"एस्तेर, माझी वेणी घाल."

आईने कुणाकडे काही मागितलेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. मावशी हातातली पिशवी खाली टाकून तिच्यामागे बसली. टेम्पोवाल्याला उशीर होत होता, तो भोंगा वाजवून ओरडला, "चालो बेन, मोडुं थाय छे!"

"ऊभा रहो ने, भाई!" मावशीच्या त्या आवाजाने त्याचा भोंगा जन्माचा गप्प झाला.

आईची वेणी म्हणजे तेव्हा करंगळीएवढी. मावशीने सावकाश पेड घातले, टोकाला गाठ मारली.

"झाली?" आईने विचारलं.

"नाही अजून," मावशी म्हणाली, आणि सोडून पुन्हा घालायला घेतली.