मापाला पाठवलेला ब्लाउज

माझ्या लग्नाचा ब्लाउज साताऱ्यात शिवला गेला आणि मी होते माधवनगरला. सगळा घोळ तिथूनच सुरू झाला. सासरची रीत अशी, की शालू तर त्यांचाच, पण त्यावरचा ब्लाउजही त्यांच्याच शिंप्याकडून शिवून यायचा. साखरपुडा होऊन आठ दिवस झाले नाहीत तोवर कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर निरोप आला, मापाला एक ब्लाउज पाठवून द्या.

दुसऱ्या कुठल्याही मुलीनं ट्रंकेतला अंगाबरोबर बसणारा एखादा ब्लाउज काढून दिला असता आणि विसरून गेली असती. मला तसं करता येईना. माझ्या पाठीला बाक आहे. तेराव्या वर्षी तो दिसायला लागला. उजवा खांदा वर, डावा खाली, आणि उजव्या बाजूचं हाड मागून फुगलेलं. मिरजेच्या डॉक्टरांनी फोटो काढून सांगितलं, उशीर झाला, आता आहे ते आहे. तेव्हापासून आईचा माझ्याशी बोलायचा एक शब्द ठरून गेला. "खांदा!" पाणी भरताना, जेवताना, दारात कुणी आलं की. तो ऐकला की मी डावा खांदा उचलायचे आणि उजवा दाबून धरायचे. अशानं मान आखडायची, पण ते सांगायची सोय नव्हती.

माझे ब्लाउज शेजारच्या काकू शिवायच्या. डाव्या खांद्यात आतून कापसाची घडी, पाठीत उजवीकडे जास्तीचं कापड. अंगावर ते बरे दिसत. पण टेबलावर पसरले की आंधळ्यालासुद्धा कळावं, ही मुलगी सरळ नाही.

आणि साताऱ्याला आम्ही हे सांगितलेलं नव्हतं. कारण त्याआधी तासगावच्या एका घरी सांगितलं होतं, तेही जरा उशिरा, सुपारी फुटल्यावर. त्यांनी नकार कळवला तो पोस्टकार्डावर, म्हणजे पोस्टमनसकट सगळ्या गल्लीनं वाचला. वडील महिनाभर गिरणीतून आले की भिंतीकडे तोंड करून निजायचे. म्हणून साताऱ्याचे लोक बघायला आले तेव्हा मला भिंतीला टेकवून बसवलं, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला आणि पोह्यांच्या बशा बहिणीनं फिरवल्या. हे मोडलं असतं तर तिसरं स्थळ आलं नसतं, आणि माझ्यामागं बहिणीचंही अडलं असतं. हे घरात कुणी बोलत नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं.

आईनं मापाला बहिणीचा ब्लाउज काढला. ती माझ्याहून दोन वर्षांनी लहान, अंगानं माझ्याएवढीच आणि काठीसारखी सरळ.

"आई, तिचा मला बसत न्हाई."

"बसंल. पदर असतोय की वरनं."

"आणि न्हाई बसला तर?"

"तर मांडवात बसंना का! अक्षता पडल्यावर कोन काय करतंय? झाकली मूठ सव्वा लाखाची, गप ऱ्हा."

मी गप्प राहणारी नव्हते. भांडले, ताट सरकवलं, रडले. आईनं शांतपणे ब्लाउजची घडी घातली, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि साताऱ्याच्या एसटीत ओळखीच्या कंडक्टरकडे दिली. देण्याआधी तिनं ते पुडकं दोनदा सोडून पुन्हा गुंडाळलं हे मी पाहिलं होतं. तरी तिला दुष्ट म्हणाले. तेव्हा मला सगळ्यांचाच राग यायचा, आणि सगळ्यात जास्त माझ्या पाठीचा.

आई बाजाराला गेल्यावर मी काकूंकडून टेप आणला, दाराला कडी घातली आणि बहिणीपुढे पाठ करून उभी राहिले. स्वतःच्या पाठीचं माप स्वतःला घेता येत नाही. खांद्यापासून कमरेपर्यंत तिनं आधी डावीकडून टेप धरला. साडेतेरा. मग उजवीकडून. पावणेपंधरा.

"परत घे," मी म्हणाले. तिनं परत घेतलं. मग मी श्वास सोडून, पाय जुळवून, दात आवळून उभी राहिले आणि तिसऱ्यांदा घ्यायला लावलं. सव्वा इंच काही हलला नाही. बहीण मागं रडायला लागली होती. मी तिच्यावरच खेकसले.

त्याच दुपारी मी एका आंतर्देशीय पत्रावर होणाऱ्या सासूबाईंच्या नावे माझी मापं लिहिली. छाती, कंबर, बाही, दंड, गळा. आणि खाली: पाठीची लांबी उजवी पावणेपंधरा, डावी साडेतेरा. बस, एवढंच. पाठीला बाक आहे हे तीन शब्द लिहायला पेन उचललं आणि ठेवलं, चार वेळा. शेवटी मनाची समजूत घातली, की शहाण्या माणसाला आकडे पुरेत. खरं सांगायचं तर मला खरं बोलल्याचं पुण्य हवं होतं आणि बोलायचं मात्र नव्हतं.

पत्र पेटीत पडलं त्या क्षणापासून माझी झोप गेली. पोस्टमनच्या सायकलची घंटा वाजली की मी न्हाणीघरात जाऊन बसायचे. आता त्यांचं पोस्टकार्ड येणार, आता बूथवरून हाक येणार. आठवडा गेला, दोन गेले. उत्तर नाही. घरात पत्रिका आल्या, हळद दळून झाली, वडिलांनी उधार-उसनवारी न करता कार्यालय ठरवलं म्हणून ते पहिल्यांदाच गुणगुणत होते. त्यांचं गुणगुणणं ऐकून मला जीव द्यावासा वाटायचा. हे मी वाढवून सांगत नाही. विहिरीवर जायची वेळ आली की मी बहिणीला पाठवायचे.

मग एक दिवस बूथवर निरोप आला: ब्लाउज झाला, सुरेख झालाय, आम्ही आदल्या दिवशी दुपारी येतो. मापांबद्दल अवाक्षर नाही. मला वाटलं, कळलं त्यांना आणि चाललंही. त्या रात्री मी पोटभर जेवले.

आदल्या दिवशी दुपारी सांगलीच्या कार्यालयात वऱ्हाड उतरलं. सासूबाई शालू आणि ब्लाउज घेऊन मला एका खोलीत घेऊन गेल्या. उंच बाई, नवरा पलटणीत, त्यामुळे घर एकटीनं हाकलेलं. "घालून बघ," म्हणाल्या आणि कडी लावली.

मी ब्लाउज घातला. डावा खांदा दंडावर ओघळला. उजवीकडे पाठ वर चढली आणि हाडावर कापड ताणून शिवण करकरली. हुक लागेना. तो ब्लाउज माझ्या बहिणीचा होता, फक्त कापड जरीचं.

सासूबाई माझ्याभोवती एक फेरी फिरल्या. "आसं कसं? तुझ्याच ब्लाउजवरनं शिवलाय."

"आणि माझं पत्र?"

"आलं की. शिंप्याला दिलं. तो म्हनला, पोरीनं टेप तिरपा धरलाय, दोन बाजूंच्या दोन लांब्या कवा असत्यात व्हय? कागदापरीस कापड खरं."

म्हणजे कुणाला काहीच कळलं नव्हतं. मुहूर्त दुसऱ्या दिवशी सकाळी. शालूचा पदर ओढून घेतला असता तर अजूनही निभावलं असतं. आई म्हणाली होती तसंच.

"टेप तिरपा नव्हता, आत्या," मी म्हणाले. "माझी पाठ वाकडी हाय. लहानपणापास्नं. तो ब्लाउज माझ्या बहिणीचा हाय."

त्यांनी पुढे होऊन पाठीवरची ताणलेली शिवण बोटानं चाचपली. बाहेर कुणीतरी भांडी मोजत होतं. मग म्हणाल्या, "पत्रात का न्हाई लिवलंस?"

"धीर झाला न्हाई."

"मला लय राग आलाय," त्या म्हणाल्या, आणि खरंच त्यांचं तोंड लाल झालं होतं. "पाठीचा न्हाई. फशिवल्याचा." त्यांनी दार उघडलं आणि मुलाला हाक मारली. मी घाईनं शालू अंगाभोवती घेतला. ते दाराबाहेर येऊन उभे राहिले. "सांग त्याला," सासूबाई म्हणाल्या, "आन आकडं सांगू नगंस."

मी सांगितलं. त्यांच्या चपलांकडे बघत सांगितलं. तासगावचंही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. वर बघायची माझी छाती नव्हती, म्हणून त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला आजही सांगता येणार नाही. शेवटी ते आपल्या आईला म्हणाले, "मग उद्यापत्तर ब्लाउज हुईल का दुरुस्त?"

"ही नीट उभी ऱ्हायली तर हुईल. जा, कुनाकडनं तरी टेप आन आन ब्लेड."

त्यांनी दोन्ही आणून दारातून आत सरकवलं. सासूबाईंनी खांद्याची शिवण उसवली, आत दाबलेलं जास्तीचं कापड मोकळं केलं, तोंडात टाचण्या धरल्या आणि माझ्या मागं आल्या. मी सवयीनं डावा खांदा उचलला.

"तसं न्हवं. रोज ऱ्हातीस तशी ऱ्हा."

मला ते येईना. अकरा वर्षांत मी कुणासमोर तशी उभी राहिलेच नव्हते. त्यांनी दोन्ही दंडांना धरून मला हळूच हलवलं, गहू चाळताना हलवतात तसं, आणि सोडून दिलं. डावा खांदा आपसूक खाली गेला. मान सैल झाली आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते थांबेना.

तेवढ्यात आई चहा घेऊन आत आली. विहिणीपुढे माझी उघडी वाकडी पाठ बघून तिच्या हातातला ट्रे वाजला आणि तोंडातून निघालंच, "खांदा!"

"ऱ्हाऊ द्या, विहीणबाई," टाचण्या दातांत धरूनच सासूबाई म्हणाल्या. "माप घेतीया."