कातडी ओढायची नाही

"आंघोळ घालता का नाही पोराला? की गुरांसोबत गोठ्यातच ठेवता?"

अमरावतीच्या त्या खाजगी दवाखान्यात डॉक्टर असा बोलला. पडदा उघडाच. बाकड्यावर दहा-बारा मानसं बसलेली. माहं चार वर्साचं पोरगं टेबलावर उघडं, लघवीची जागा सुजलेली, अन् सारे पाहून राहिले होते. एक बाई तोंडाले पदर लावून हासली. माह्या टाचाइले निंदनाची काळी माती तशीच होती. मले वाटलं, आपलंच काही चुकलं असन.

अन् मी तं रोज आंघोळ घालत होती, बाप्पा!

आमच्या भातकुलीकडच्या गावात लेकराले तेल लावताना नाक चिमटीत धरून सरळ करतात, डोकं दाबून गोल करतात. पोट्टा असन तं पुढची कातडी मांगं ओढतात. रोज थोडी थोडी. "मोकळी नाही झाली तं मोठेपनी अडचन होते," सासू म्हने. सासू ओढे अन् मी पाय धरत होती. पोरगं रडून रडून लाल होये. त्या दिवशी रक्त आलं. लघवीले बसला अन् किंचाळला. कपाशी अळीनं खाल्ली म्हनून त्याचे बाबा पुन्याले कंपनीत कामाले गेलते. मी एकटीच त्याले घेऊन आली.

डॉक्टरनंही तेच केलं. कातडी धरली अन् ओढली. "अशी रोज मागे घेऊन धुवायची असते. बिघडवून आणलंत. उद्या कापून टाकू. उपाशी आण त्याला."

"डॉक्टरसाहेब, कापाच लागते का?"

"डॉक्टर तू आहेस की मी?"

त्यानं पुन्हा हात घातला. पोरगं वराडलं, "आई, तू नोको धरू ना वं!"

तवा मले समजलं. त्याचे पाय मीच दाबून धरले होते. इथंही, घरीही. मी पाय सोडले अन् डॉक्टरचं मनगट धरलं.

"हात लावू नोका माह्या पोराले."

घरी येऊन सांगतलं तं सासूनं अंगन डोक्यावर घेतलं. "कापाले नेतं? पोट्ट्याले मुसलमान करतं का वं?"

शेजारच्या रजियाभाभीनं ऐकलं. ब्लाउज शिवतात त्या. त्याइच्या दोन्ही पोराइची सुंता झालेली. मले त्याइच्याकडं पाहाची लाज वाटली. त्या मशीन सोडून आल्या. मले म्हनल्या, "आमच्यात रीत हाये म्हनून आमी करतो. तुमच्यात रीत नाही, मंग रोग कोनता हाये? इचारलं का तू डॉक्टरले?"

इचारलं होतं. त्यानं सांगतलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रजियाभाभीच मले अकोल्याले घेऊन गेल्या, त्याइच्या बहिनीच्या ओळखीच्या डॉक्टरीनबाईकडं. बाईनं आदी पडदा ओढला. मंग पोराले इचारलं, "बाळा, बघू का मी?" ओढलं काहीच नाही.

मले म्हनल्या, "लहानपणी ही कातडी चिकटलेलीच असते. आपोआप सुटते, कोणाची लवकर, कोणाची दहा-बारा वर्षांनी. ओढली की फाटते, फाटली की वण धरते. बाहेरून पाण्यानं धुवा, बास. मलम देते. वणामुळं पुढं लघवी अडली, तर कापायचं बघू. आज गरज नाही."

"मंग त्यानं काहून ओढली, बाई? एवढा शिकलेला मानूस?"

त्याइनं मलमाची चिठ्ठी लिहून माह्या हाती देल्ली.

येताना एसटीत मी रडली. सासूचा राग होता, डॉक्टरचा होता, पन सगळ्यात जास्त माहा मलेच होता. चार वर्सं लेकरू रडून सांगत होतं अन् मी त्याले लाडाचं रडनं समजत होती.

जखम भरली. कापाचं काम पडलं नाही. पन अजूनही मी धुवाले पान्याचा गडवा उचलला का तो दोन्ही हातानं झाकून घेते. "मी धुतो, तू जाय." मी जाते.

आता जावेले पोरगा झाला. पाचव्या दिवशी सासू पाय पसरून बसली, लेकरू पायावर, तेलाची वाटी बाजूले. जाऊ पाय धराले वाकली. मी मधात जाऊन बसली.

"डोक्याले लावा, पाठीले लावा. तिथं हात गेला तं हात मोडीन."

"कोनाशी बोलून राहिली वं तू?"

"तुमच्याशीच. अन् त्या डॉक्टरनं ओढली, तं त्याचाही मोडीन."