शांतता काढणारी ओळ

मार्चमध्ये माझी बायको गेली. तेराव्यानंतर तिच्या धाकट्या भावाने माझा कॉम्प्युटर ताब्यात घेतला.

या माझ्या मेहुण्याने जन्मात कुठलंही काम एकाच वस्तूवर केलेलं नाही. नौपाड्याच्या आमच्या घरात एकदा रव्याच्या डब्यात किडे निघाले, तर त्याने मिठासकट बत्तीस डबे गच्चीवर नेऊन उन्हात ओतले. आमचं दार कुरकुरतं म्हटल्यावर चारही मजल्यांच्या दारांना तेल घातलं. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना कोण कधी आलं-गेलं ते कळेनासं झालं; त्या अजून त्याच्याशी बोलत नाहीत. घोडबंदर रोडच्या एका ऑफिसात तो हेच करतो आणि त्याबद्दल त्याला पगार मिळतो. कॉम्प्युटरच्या काळ्या पडद्यावर हुकमाची एक ओळ लिहायची, की ती डिस्कवरच्या प्रत्येक फोल्डरात, त्याच्या पोटातल्या फोल्डरात, अशी तळापर्यंत उतरून सगळीकडे तेच काम करते. "एकेक फाइल कसली उघडत बसताय, भाऊजी? वरून सोडायची आणि चहा प्यायचा."

बायकोने नातीसाठी मोबाइलवर गोष्टी वाचून ठेवल्या होत्या. तिचा आवाज म्हणून माझ्याकडे तेवढाच होता. मेहुण्याने त्या डिस्कवर उतरवल्या, मोबाइल रिकामा केला आणि म्हणाला, "ताई फार थांबते हो. मधली शांतता काढून टाकू, पोरीला सलग ऐकता येईल."

"मूळ राहील ना रे?"

"प्रत घेतलीय, भाऊजी. मी काय नवखा आहे?"

प्रत खरंच घेतली होती. त्याच डिस्कवर, शेजारच्या फोल्डरात. ओळ मात्र सोडली डिस्कच्या माथ्यावरून. चहा होईपर्यंत ती मूळ गोष्टींत गेली, प्रतीत गेली आणि जाता जाता तिथेच ठेवलेल्या माझ्या जुन्या नाटकांच्या रेकॉर्डिंगमध्येही शिरली. मरणारा नायक आता शेवटचं भाषण बस पकडायच्या घाईत उरकतो. मी हसलो. मग तिची गोष्ट लावली. पान उलटताना घेतलेला श्वास, वाक्य अर्ध्यावर ठेवून स्वयंपाकघराचा घेतलेला कानोसा, "अहो, गॅस बंद केलात का?" या प्रश्नाआधीचा संशय, सगळं गेलं होतं.

"भाऊजी, माझीपण ताई होती हो ती," मेहुणा म्हणाला आणि संध्याकाळपर्यंत एकेक फाइल उघडून ऐकत बसला.

माझ्याकडे तिच्या एकोणचाळीस गोष्टी आहेत. त्यांत ती कुठेही थांबत नाही.