देवाचा घोट

घरात लग्न असो की बारसं, जेवणं झाली की मला गोष्ट सांगायला बसवतात. माझ्या गोष्टीतलं पापलेट दर वर्षी वीतभर वाढतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. मुलं आधीच विचारून घेतात, "आज केवढं झालं?" फक्त थोरल्या भावाची गोष्ट निघाली की वहिनी समोर येऊन बसते आणि मला काही वाढवू देत नाही.

दादा रेवदंड्यात तांडेल होता, होडीवरच्या खलाशांचा म्होरक्या. तेव्हा मचव्याला इंजिन कुठलं? शीड, वल्ही, आणि सुकाणू धरलेला दादा. खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा कुठे सरकलाय ते त्याला नुसतं पाणी बघून कळायचं. पण दारू पोटात गेली की स्वतःच्या घराचा उंबरठाही दिसत नसे. मग कुणी विचारलं तर आम्ही सांगायचो, दादाला ताप आलाय. एकदा शेजारीण वहिनीला म्हणाली, "तुमच्याकडला ताप बरा गं बाजाराच्या दिवशीच येतो!"

एका पावसाळ्यात, होड्या किनाऱ्यावर शाकारून ठेवल्या होत्या तेव्हा, खलाशी त्याला जाळी सांधायला बोलवायला आले. मी सवयीनं "ताप..." म्हणतोय तोच दादा झोकांड्या खात बाहेर आला. "ताप न्हाय. प्यालोय. आनी ह्या धाकट्याला खोटं बोलाला लावतोय."

त्यानंतर त्यानं दारूला हात लावला नाही. वहिनी मात्र रोज संध्याकाळी तो दारात आला की तोंडाचा वास घ्यायची. एवढा दांडगा माणूस, पण लहान पोरासारखा आ करायचा.

मग नारळी पुनव आली. मोसमातला पहिला मचवा लोटण्याआधी आमच्याकडे त्याच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, दारूची धार सोडतात, आणि उरलेल्यातला पहिला घोट तांडेलाचा. तो देवाचा. त्याला कुणी पिणं म्हणत नाही. दादानं हात जोडून नको म्हटलं.

"दर्याचा मान मोडतोस?" आमचे चुलत आजोबा म्हणाले. "वरीसभर जाळं रिकामं आलं तर?"

सगळे खलाशी बघत होते. दादानं वाटी तोंडाला लावली.

मचवा पाण्यात गेला. दादानं सुकाणूवर हात ठेवला, थांबला, आणि परत चिखलात उतरला.

"आजा, मी न्हाय येत. सुकानू धाकटा धरंल."

"का रं? कंबर लचकली?"

"घोट लागला. आनखी पायजे वाटतं."

म्हातारा हसला. "आरं, देवाचा घोट कंदी चढतो व्हय?"

"देवाला न्हाय चढत, मला चढतो. मचव्यावर बाटली हाय. मी पिनार, आनी ह्यांची पोरं घरी वाट बघत बसनार."

किनाऱ्यावरची गाणी थांबली. सणाच्या दिवशी, बायकांच्या देखत सुकाणू सोडलेला तांडेल कुणी पाहिला नव्हता. ते परत त्याच्या हाती येईल की नाही, हेही कुणाला सांगता आलं नसतं. वादळात डोलकाठीवर चढणारे मी पुष्कळ पाहिले, पण असा खाली उतरणारा एकटा दादा.

मी मचवा कसा हाकला ते थोडक्यात सांगतो. खेकड्यासारखा आडवा. वाळूच्या दांड्याला घासून गेला तेव्हा आजोबांनी मला ज्या शिव्या घातल्या, त्या मी कमी करून सांगतो असं वहिनीचं म्हणणं आहे.

संध्याकाळी परतलो तर दादा तिथेच, वहिनीशेजारी जाळं सांधत बसलेला. एकूण एक गाठ वाकडी.

"प्यालास?" आजोबांनी लांबूनच विचारलं.

"सकालचा तो घोट. मंग न्हाय."

आजोबांनी जवळ जाऊन वास घेतला नाही. माझ्याकडे मात्र असं पाहिलं की मी जाळ्याची दोरी उगाच गुंडाळू लागलो. "उद्या भरतीला ये बाबा," ते दादाला म्हणाले. "ह्या धाकट्याच्या हातनं मराचं न्हाय आमाला. आनी त्या वाटीत पुढल्या साली शहाळ्याचं पानी घालू. दर्याला मी सांगंन काय ते."

घरी दारात पोचल्यावर दादानं सवयीनं आ केला.

"मिटा तोंड," वहिनी म्हणाली, "माशी जाईल." आणि ताट वाढायला आत गेली.